चारशे आजारी पोरी

आधी एक गोष्ट कानात घालून घ्या. माझी लेक आजारी नव्हती. गावात कोन म्हनतं तिला कावीळ झाल्ती, कोन म्हनतं इमानातली हवा बाधली, आन् दगडाबाईनं तर पान्याच्या टाकीपाशी उभं राहून सांगितलं की पोरीचं कायतरी भलतंच हाय म्हनून कंपनीनं घरी धाडली. त्या बाईच्या जिभेला हाड न्हाई. धनश्री धडधाकट हुती. सकाळी दोन भाकरी आन् शेंगदान्याची चटनी खाऊन वर तांब्याभर ताक पीत हुती. आजारी मानूस असं जेवतं का?

मी लंकाबाई. कर्जत तालुक्यातलं आमचं गाव, लई कोरडं. एकोनीस हंगाम म्या आन् माझ्या मालकानं ऊस तोडला. दिवाळी झाली की टोळी निघायची ती देवळाली प्रवराच्या बाजूला, आन् चैताच्या उन्हात माघारी यायची. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरत्यात, म्हंजी राबायला दोघं आन् मोजायला एक. हे आत्ताच सांगून ठेवते, कारन लोक मला इचारत्यात की इमानातल्या पोरींच्या पगाराचं तुला अडान्याला काय कळतं. मला लई कळतं. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीचे नुसते शेकत बसत्यात.

आमी फडात असताना धनश्री वसतिगृहात ऱ्हाऊन शिकली. संगमनेरला कालेज केलं. तिथं तिला सुमैरा भेटली, बांगड्यांचं दुकान असल्याल्या घरची पोरगी, बोलायला धारदार आन् मनानं लई मऊ. दोघींनी पुन्याला कोर्स केला आन् दोघी एकाच इमान कंपनीत लागल्या. गावाला वाटतं त्या ढगात बसून लिपस्टिक लावत्यात आन् लोकान्ला चहा देत्यात. खोटं कशाला बोलू, मलाबी तसंच वाटायचं. म्या तिचा लाल रुमालातला फोटो भिंतीला लावला आन् येनाऱ्या-जानाऱ्याला दाखवत बसले. काम काय हाय ते कधी इचारलं न्हाई.

गेल्या उन्हाळ्यात एका मंगळवारी ती दुपारच्या यष्टीनं आली. चाकाची बॅग न्हाई, अंगावर साधा ड्रेस, तोंड उतरल्यालं. पानी प्याली आन् म्हनली, "आई, मी आजारी आहे."

म्या कपाळाला हात लावला तर गार. जीभ बघितली, डोळं वढून बघितलं. मालकान्ला म्हनलं, डाक्टरला फोन लावा, पोरगी बोलती पन डोळ्यात जीव न्हाई. तवा तिनं माझा हात धरून मला खाली बसवलं आन् सांगितलं की ती एकटीच न्हाई, चारशे जन आजारी हायेत. मुंबईचे, पुन्याचे, बेंगळुरूचे, एकाच कंपनीचे, एकाच सकाळी. समद्यांनी पहाटं मोबाईलवर एकच निरोप टाकला: तब्येत बरी नाही, ड्युटीला येऊ शकत नाही.

म्हंजी संप, म्या म्हनलं. तिनं वठावर बोट ठेवलं. संप म्हनायचं न्हाई. संप करायचा तर आधी नोटीस द्यावी लागती, नोटीस दिली की कंपनी कोर्टातनं मनाई आनती, आन् नोटिशीवर ज्यांच्या सह्या त्यान्ला आधी बाहेरचा रस्ता दाखवती. म्हनून आजार. कंपनीला ठावं हाय हा आजार कसला, परवाशान्ला ठावं हाय, टीव्हीवाल्याला ठावं हाय, पन शब्द कुनी काढायचा न्हाई.

मंग म्या इचारलं, भांडन कशाचं? ते तिनं सांगितलं आन् माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पगार हाय नावाला थोडा. खरा पैसा तासावर. आन् तास कवा सुरू हुतो? इमानाचं दार लागून चाक हाललं की. त्याच्या आधी दोन घंटे ह्या पोरी तिथं हजर. सीटा बघायच्या, पट्टे बघायचे, दोनशे मानसं आत घ्यायची, त्यांच्या बॅगा वर कोंबायच्या, कुनाचं लेकरू रडतंय, कुना म्हातारीला धरून बसवायचं. धुकं पडलं, पाऊस झाला, इमान तीन घंटे जागच्या जागी, तर शिव्या कोन खानार? ह्याच. हासत खायच्या. आन् त्या तीन घंट्यांचा पैसा? शून्य. दार उघडं हाय ना, मंग काम सुरूच झालं न्हाई. पयले महिन्याला साठ तास तरी धरून पगार पक्का मिळायचा, उडा नायतर बसा. नव्या सायबानं ते पस्तिसावर आनलं आन् वर म्हनला, कंपनी हे एक कुटुंब हाय. कुटुंब म्हनायचं आन् ताटात वाढताना हात आखडायचा, ही जात मला चांगली ठावं हाय.

आमचं काय येगळं हुतं? दिवस उगवायच्या आत फडात. ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून सडकंला आनायच्या, आन् मंग गाडीची वाट बघत बसायचं. गाडी दुपारी येईल, रातच्याला येईल, उद्या येईल. आली की भरून द्यायची. पैसा कशाचा? काट्यावर जेवढं वजन भरलं तेवढ्याचा. सडकंच्या कडंला आमी जे घंटे बसलो, ते कुनी धरले न्हाईत. आमी काय तिथं देवदर्शनाला बसलो हुतो? म्या धनश्रीला म्हनलं, बाई, मला वाटलं तू फडातनं सुटलीस. तू तर तिथंच हायेस, नुसती उंच हायेस.

ती रडली. म्याबी रडले. आन् मंग म्या तिच्याशी भांडले, कारन माझा सोभावच तसा.

मला राग आला त्या आजाराचा. धडधाकट लेकरानं मी आजारी म्हनू न्हाई, वास्तू तथास्तु म्हनती. आन् दुसरं, आमी फनफनत्या तापात मोळ्या वाहिल्या. एक दिवस पडून ऱ्हायलं की खाडा लागायचा आन् खाड्याचा दंड. आजारी असून आजारी म्हनायची आमाला सोय नव्हती, आन् ह्या शिकल्या-सवरल्या पोरी ठनठनीत असून पांघरून घेऊन बसल्या. भांडायचं तर तोंड वर करून भांडावं. आमी कोयता बंद केला तवा काय केलं? गावातल्या समद्या टोळ्यांनी आपापला कोयता मारुतीच्या देवळापुढच्या लिंबाला टांगला. दिवसाउजेडी, समद्यांदेखत. कुनाचा कुठला ते ज्याला त्याला ठावं. कुनी रातीत चोरून मुकादमाच्या टेम्पोत बसला असता तर सकाळी त्याच्या कोयत्याची जागा मोकळी दिसली असती. बावीस दिवस एकबी कोयता हालला न्हाई. तिकडं कारखान्याचं धुराडं गार आन् ऊस वाळतोय. तेविसाव्या दिवशी दर वाढवून मुकादम सोता दारात आला. संप असा असतो, म्या म्हनलं. देवाच्या दारात टांगल्याला.

धनश्रीनं ऐकून घेतलं. मंग शांतपनी म्हनली, "आई, तुम्हाला टांगायला झाड होतं आणि राखायला गाव होतं. आमच्यातल्या निम्म्यांनी एकमेकींचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही. आमच्याकडे मोबाईलमधलं रजेचं एक बटण आहे, तेवढंच."

पन मला काय ते पटलं न्हाई.

आमचं मालक कमी बोलनारं. ते म्हनले, हा संप टिकत न्हाई. एका जागेला शंभर पोरी दारात उभ्या हायेत, फोटो घेऊन. ह्यान्ला काढत्याल, त्यान्ला घेत्याल. धनश्रीनं त्यान्ला समजावलं की नवी पोरगी तयार करायला तीन महिने जात्यात. आग लागली तर काय, पान्यात उतरलं तर काय, नव्वद सेकंदात समदी मानसं बाहेर कशी काढायची, हे शिकल्याबिगर कुनाला इमानात उभं करत न्हाईत. आन् एका इमानाला चार जनी पायजेत, तसा कायदाच हाय. तीन असल्या तर पायलट असू दे न्हाईतर खुद्द कंपनीचा मालक असू दे, इमान हालत न्हाई. म्या मालकान्ला म्हनलं, आयकलं का? चहाला न्हाई ठेवलं त्यान्ला, जीव वाचवायला ठेवलंय. आन् कोयता ह्यांच्याच हातात हाय, फक्त ह्यान्ला त्यो दाखवायची भीती वाटती.

दोन दिवसांत शंभरावर इमानं रद्द झाली. टीव्हीवर एक सुटाबुटातला मानूस येऊन म्हनला, मूठभर मुलींच्या हट्टापायी हजारो लोकांचे हाल. एका लग्नाच्या वऱ्हाडाला रडताना दाखवलं. त्या वऱ्हाडाचं मलाबी वाईट वाटलं, पन तीन घंटे फुकट उभ्या ऱ्हानाऱ्या पोरीला आजवर कुनी टीव्हीवर रडताना दाखवलं न्हाई. चोराच्या उलट्या बोंबा म्हनत्यात त्या ह्याच.

बेस्तरवारी कंपनीनं कळवलं की आजाराचं डाक्टरी सर्टिफिकीट दाखवा. धनश्री बापासंगं कर्जतला गेली, कुनी डाक्टर लिहून देतो का बघायला. जाताना तिचा मोबाईल बंद करून फळीवर ठेवला आन् मला दोनदा बजावलं: तुझ्या फोनवर कंपनीचा फोन आला तर एकच बोलायचं, झोपली आहे. आन् ठेवायचा. तिच्या कागदावर अडीनडीला म्हनून माझाच नंबर दिल्याला हुता.

फोन आला. बाईचा आवाज, लोन्यावानी मऊ, पुन्याकडची बोली. मावशी म्हनली मला. धनश्रीची आमाला लई काळजी वाटती म्हनली, ताप आहे का, जेवती का. म्या म्हनलं, झोपलीय. ती म्हनली, झोपू द्या बिचारीला, आपनच बोलू. तिथंच मी फोन ठेवायला पायजे हुता. पन मावशी म्हननाऱ्याच्या तोंडावर फोन ठेवायची आमाला सवय न्हाई.

मंग ती हळूहळू शिरली. म्हनली, तुमच्या घरची परिस्थिती आमाला ठावं हाय. उसाच्या फडातल्या पोरीला कंपनीनं इमानात उभी केली, हे काय थोडं हाय का? तुमची मुलगी साधी हाय, तिला फितवलंय त्या संगमनेरच्या मुलीनं, सुमैरानं. तुमी एवढंच सांगा की सुमैरानं तिला घरी बसायला लावलं. तुमच्या मुलीला उद्याच कामावर घेतो, वर बढती देतो.

हे बोलनं मी आधी ऐकल्यालं हाय. आमच्या संपात गोरक्ष मुकादम असाच दारात बसला हुता. वहिनी, तुमी गुनाच्या, तुमाला टोळीतल्या त्या केशरबाईनं भरीस घातलं, तेवढं नाव सांगा, तुमच्या कोयत्याला जादा देतो. समदे मुकादम सारखेच. एक पटका बांधतो, एक फोनवर मावशी म्हनती. माझं डोकं सनकलं आन् झोपलीय-बिपलीय समदं इसरले.

म्या म्हनलं, "माझी पोरगी आजारी न्हाई. तिला कुनी फितवली न्हाई. ती संपावर हाय. दार उघडं असताना राबवून घेता, त्याचा पैसा द्या, मंग येईल ती."

ती बाई चिडलीच न्हाई. उलट म्हनली, थँक्यू मावशी. आन् फोन ठेवला.

मला किती बरं वाटलं म्हनून सांगू. छाती फुगली. संध्याकाळी दोघं घरी आले तवा म्या मोठ्या तोऱ्यात सांगितलं की तुझ्या कंपनीला आज चांगली झोडली. धनश्री हातातली पिशवी घेऊन तशीच उभी ऱ्हायली. काय काय बोललीस, म्हनली. म्या शब्द न् शब्द सांगितला. फळीवरचा मोबाईल घेऊन ती उंबऱ्यावर बसली आन् तिनं त्यो चालू केला. कंपनीचं पत्र आल्यालं हुतं. कामावरून कमी. कारन, आजाराचं खोटं सांगून बेकायदा संप केला, तिच्या आईनं फोनवर तसं कबूल केलंय आन् ते बोलनं टेप करून ठेवलंय.

ती वरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हनली, "एक शब्द सांगितला होता, आई. झोपली आहे. तेवढाच."

आन् मंग दोन दिवस माझ्याशी बोलली न्हाई. त्या दोन दिवसांत माझं काय झालं ते माझं मला ठावं. उचलली जीभ लावली टाळ्याला. माझ्यापरीस ती दगडाबाई बरी, ती दुसऱ्याच्या लेकीचं वाटोळं करती. म्या भाकरी थापली आन् ती तिनं खाल्ली, पन माझ्याकडं न बघता. मालक म्हनले, झालं ते झालं. म्या म्हनलं, झालं न्हाई, म्या केलं.

सनिवारी मुंबईला सरकारी कामगार सायबापुढं बैठक झाली. तिथं काय झालं ते सुमैरानं रातीत फोन करून सांगितलं, धनश्रीनं स्पीकरवर ठेवला म्हनून म्याबी ऐकलं. कंपनीच्या वकिलानं भर बैठकीत माझा आवाज वाजवला. मंग म्हनला, बाकीचे आजारी हायेत, आमी मानतो, त्यांनी उद्या बरं होऊन कामावर यावं, कुनाला हात लावत न्हाई. फक्त धनश्रीचा संप सिद्ध झालाय, तेवढी एक बाहेर. काय डोकं बघा. एकीला तोडून बाकीच्यान्ला दरवाजा उघडून दिला. पोरींच्यात कुजबूज झाली, दोघी-तिघींनी म्हनलंबी की घ्या, एकीपायी चारशेंचं कशाला. मला वाटलं, आता सुमैराबी तेच सांगनार.

पन सुमैरा उठली आन् त्या सायबाला म्हनली, धनश्रीची आई खरं बोलली. ती आजारी नाही, तर आमीबी नाही. लिहून घ्या काय लिहायचं ते.

ऐकून धनश्री तोंड झाकून रडली. मला वाटलं मातीत शिरावं. जिचं नाव मला इकायला लावत हुते, ती पोरगी माझ्या तोंडापायी सोताची नोकरी टांगून बसली हुती.

त्याच्यानंतर आजार संपला आन् उघडा संप सुरू झाला. पोरींनी तोंडं दाखवली, इमानतळाच्या बाहेर फलक धरून उभ्या ऱ्हायल्या. आता काढायचं तर चारशे जनीन्ला काढा, आन् चारशे जनी काढल्या तर इमानात उभं कोन ऱ्हानार? कंपनीनं मंगळवारपर्यंत दम काढला. मंगळवारी वाकली. दार उघडं असल्याल्या येळंचा निम्मा पैसा द्यायचा, पक्के तास पस्तिसावरनं पन्नासवर, आन् समद्यान्ला परत घ्यायचं. निम्मं का हुईना, आजवर शून्य हुतं. मी देवापुढं साखर ठेवली.

पन कंपनीला तोंड राखायचं हुतं. त्यांचं म्हननं, पैसे देतो, पन संप झालाच न्हाई असं लिहायचं. लोकांपुढं जायला नको की पोरींनी नमवलं. चारशे जन आजारी पडले, चारशे जन बरे झाले, आन् कंपनीनं आपल्या मोठ्या मनानं पगार सुधारला. पोरी म्हनल्या, पैसा मिळतोय, समद्यान्ला परत घेत्यात, कागदावर काय लिहायचं ते लिहू द्या. बैठकीत काय बोलनं झालं तेबी कागदातनं पुसून टाकायचं ठरलं. एकच गोष्ट पुसता येत नव्हती. माझा आवाज. त्यो आधीच सायबाच्या फायलीत गेल्याला. म्हनून धनश्रीला परत घ्यायचं तर आईनं लिहून द्यावं की ती चुकून बोलली. आन् धनश्रीचं नाव ड्युटीच्या यादीत लागल्याबिगर आमी एकबी इमानात चढनार न्हाई, असं पोरींनी कळवल्यालं. चारशे पोरी माझ्यासाठी थांबल्या.

बुधवारी नगरच्या एका वकिलाच्या हापिसातला कल्यान नावाचा मानूस मोटारसायकलवर कागद घेऊन आला. तिशीतला, घामाघूम, सोभावानं वाईट न्हाई. चहा घेतला. मंग पिशवीतनं कागद काढला आन् म्हनला, आजी, इथं फक्त अंगठा करा.

म्या कागद हातात घेतला. त्यो म्हनला, वाचून दाखवू का? म्या म्हनलं, मला येतं. आन् म्या मोठ्यानं वाचायला घेतला, अडखळत, पन समदा. शेजारपाजारचं चार मानसं दारात आल्ती, दगडाबाईबी हुती. लिहिलं हुतं की मी, लंकाबाई, निरक्षर शेतमजूर. माझी मुलगी त्या दिवशी तापानं आजारी होती. मला फोनवरचं बोलणं नीट समजलं नाही. संप या शब्दाचा अर्थ मला माहीत नाही.

संप या शब्दाचा अर्थ मला माहीत नाही. ते वाक्य म्या दोनदा वाचलं. बावीस दिवस ज्या बाईचा कोयता लिंबाला हुता, तिला संप म्हंजी काय ते ठावं न्हाई. दारातलं कुनी हासलं न्हाई. दगडाबाईनंबी खाली बघितलं.

म्या कल्यानला म्हनलं, पेन दे. त्यो अवघडला. म्हनला, "आजी, सही नाही चालणार. वर निरक्षर लिहिलंय ना. सही केली तर कागद खोटा ठरेल. अंगठाच लागेल."

आता हे कसं सांगू. चौतीस वर्सांची हुईस्तवर म्या समदीकडं अंगठाच दिला. कारखान्यात, मुकादमाकडं, रेशनला. मंग एका हंगामात धनश्रीला साळंला सुट्टी म्हनून संगं नेल्ती, दुसरीत हुती ती. फडावरच्या आमच्या पाचटाच्या झोपडीपुढं, कोपीपुढं बसून तिनं राखंत बोटानं माझं नाव गिरवून घेतलं. लं-का-बा-ई. चुकलं की पुसायची आन् माझ्याच हातावर मारायची. म्हैनाभर. त्यानंतर म्या कुठंबी अंगठा दिला न्हाई. बँकेतला बाबू शाईची डबी पुढं सरकवायचा, आन् मी ती माघारी सरकवून पेन मागायची. तेवढी एक मिजास म्या आयुष्यात केली.

धनश्री कल्यानच्या मागं उभी हुती. ती पुढं आली आन् माझ्या हातातला कागद धरला. "नको, आई. राहू दे. मी दुसरीकडं नोकरी बघीन."

तिला खरंच तसं वाटत हुतं. तिच्या डोळ्यात बघून मला कळलं की तिनं मला माफ केलंय, आन् म्हनूनच मला तिचं ऐकता येईना. तिकडं सुमैरा उभी, तिच्यामागं बाकीच्या उभ्या, आन् माझा एक अंगठा मधी. आमच्या संपात एकाचा कोयता बाहेर ठेवून दर वाढवून देतो म्हनले असते तर आमी घेतला असता का? न्हाई घेतला असता. मंग ह्या पोरींनी धनश्रीला सोडून पैसा घेतला न्हाई त्याची किंमत कुनीतरी द्यायलाच पायजे हुती.

म्या तिच्या हातातनं कागद सोडवला. शाईच्या डबीत अंगठा दाबला आन् कागदावर ठेवला. चांगला दाबून ठेवला, पुसट उठू नये म्हनून. कल्याननं कागद फुंकून वाळवला, घडी घातली आन् म्हनला, थँक्यू आजी.

म्या त्याला म्हनलं, "तुझ्या सायबाला सांग, त्या बाईनं आधी कागद वाचला, मंग अंगठा दिला."

त्यो गेला. दारातली मानसंबी गेली. धनश्री बादलीतनं पानी घेऊन आली, माझ्यापुढं बसली आन् साबनानं माझा अंगठा घासायला लागली. मला राग आल्ता, लाज वाटत हुती, आन् लेकीची नोकरी ऱ्हायली म्हनून जीव हलकाबी झाल्ता, समदं एकाच येळी. ती खाली मान घालून घासत हुती, घासत हुती, आन् शाई काय निघंना. शेवटी म्या तिला म्हनलं, ऱ्हाऊ दे, बॅग भर, सकाळच्या यष्टीनं जायाचंय तुला.